खोटा पेशंट

प्रिय माऊ,

पत्र लिहायला फार उशीर केला, त्याची आधी माफी मागतो. तू निघालीस तेव्हा बसच्या खिडकीशी उभा राहून मी म्हणालो होतो, पोचलीस की कळव, मीही पत्र टाकतो. तू पोचल्याचं कळवलंस. मी काही टाकलं नाही. फोन असतो म्हणून राहिलं म्हणावं, तर फोनवर आपण काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस, जेवलात का बाबा. मी म्हणतो, हो. तू विचारतेस, गोळ्या घेतल्या का. मी म्हणतो, हो. मग तुझ्या दारावर कोणीतरी येतं आणि तू फोन ठेवतेस. रोज नेमक्या त्याच वेळी तुझ्या दारावर कोण येतं, हे मी कधी विचारलेलं नाही.

माझी शाळा लहानपणीच सुटली हे तुला माहीत आहे. पत्र मायन्यापासून तुझी आईच लिहायची आणि मी खाली नुसतं नाव लिहायचो. आता सगळंच मी लिहितोय, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घे. पाकिटावर पत्ता बरोबर घातलाय ना, हे मी आत्ताच दोनदा पाहिलं आणि पत्र बंद करताना पुन्हा पाहीन.

घर ठीक आहे. मीही ठीक आहे, म्हणजे मला काही होत नाही. कोपऱ्यापर्यंत जातो आणि गॅसचं बटण बंद केलं का म्हणून परत येतो. ते बंद असतं. मग पुन्हा जातो तर नळ आठवतो. खालचा इस्त्रीवाला म्हणतो, "काय आजोबा, घर तिथंच आहे ना?" त्याच्यासारखे आणखी काही जण विचारतात, आजींची आठवण येत असेल ना. मी आत शोधून पाहतो. काही हाताला लागत नाही. लाकडाला पॉलिश करायचं काम मी जन्मभर केलं. त्यात स्पिरिटच्या बोळ्याने बोटांची टोकं अशी बधिर व्हायची की गरम कप धरला तरी कळायचं नाही, नंतर फोड आला की समजायचं, अरे, भाजलं होतं. तसं काहीतरी अंगभर झालंय. फोड अजून आलेला नाही. तुझ्या आईच्या बाजूची उशी मी उचललेली नाही, पण त्यात काही विशेष नाही, उचलून ठेवायची कुठे हे सुचत नाही एवढंच. शेजारच्या काकू हल्ली जिन्यात दिसल्या की वर जायचं सोडून खाली जातात.

मुद्द्यावर येतो. तुमच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या औषध विभागाच्या प्रमुख, हे तुला सांगायला नको, पण पत्रात माणूस आलं की ते कोण हे लिहावं असं तुझी आई म्हणायची. त्या म्हणाल्या, फोन केले, तू उचलत नाहीस. मी म्हटलं, ती कामात असते. त्या म्हणाल्या, कापडाच्या दुकानात बसते ना ती? मी चहा टाकायला उठलो. मग त्यांनी सांगितलं की तुझ्या नोंदणीचं नूतनीकरण या महिन्याअखेर आहे आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे जे तास भरावे लागतात ते तुझे भरलेले नाहीत. महिना उलटला की फार्मासिस्टांच्या यादीतून तुझं नाव जाईल. परत घालायचं तर पहिल्यापासून परीक्षा. "काका, तिला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "नोकरी सोडली ते सोडली. नोकरी आमची होती. नोंदणी तिची स्वतःची आहे, ती का सोडते?"

मला वाटायचं, एकदा पास झालं की माणूस पास झालं. मी त्यांना तसं म्हटलंही. आमच्या धंद्यात कोणी पुन्हा परीक्षा घेतली नाही. पॉलिशचं नवं लॅकर बाजारात आलं तेव्हा एकाचं जेवणाचं टेबल नासलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि शिकलो. मोठ्या बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "आमच्याकडे नासवायला टेबल नसतं हो काका." त्या सहज बोलल्या, मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं आणि त्यांनी कप खाली ठेवला. मी म्हटलं, घ्या घ्या, निवेल.

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, काका, एक काम कराल का? त्यांच्या वर्गात फार्मासिस्टांना पेशंटशी बोलायचा सराव करावा लागतो, आणि त्यासाठी पेशंट लागतो. आपसातलाच कोणीतरी होतो, पण तो पुस्तकासारखा बोलतो. सगळ्या औषधांची नावं पाठ, वेळा पाठ. खरा पेशंट म्हणतो, ती बारकी पिवळी. म्हणून त्यांना खरा म्हातारा हवा होता. मी म्हटलं, बाई, तेवढीच एक गोष्ट माझ्यात खरी उरली आहे. त्या हसल्या. मीही हसलो असेन, नक्की सांगता येत नाही.

तर मी आता दर आठवड्याला हॉस्पिटलात जातो आणि खोटा पेशंट होतो. तुला हे फोनवर सांगितलं नाही कारण तू काय म्हणशील ते कळेना. वर्ग मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर असतो. टेबलं लाकडाची नाहीत, लाकडासारखा कागद चिकटवलेली आहेत आणि कडा सुटल्या आहेत. बसल्या बसल्या माझं बोट तिथं जातं. समोर सगळे बसतात, वॉर्डातून थेट आलेले, कोणाच्या खिशात कात्री, कोणाच्या बाहीला औषधाचा डाग, एकजण तर उभ्या उभ्या डुलक्या घेतो. हे सगळे शिकून सवरून नोकरीला लागलेले, काहींचे केसही पिकलेले. तरी पुन्हा बाकावर.

पहिल्या दिवशी मला सांगितलं, तुम्ही निवृत्त ड्रायव्हर आहात, साखर आहे, मुलगा परदेशात आहे. मी घरून येताना ते घोकत आलो. ड्रायव्हर, साखर, मुलगा. समोर एक उंच मुलगा येऊन बसला. त्याला सगळे टॉवर म्हणतात. त्याने विचारलं, औषधं नियमित घेता ना आजोबा? मी म्हटलं, हो. जेवणानंतर घेता ना? हो. चुकवत नाही ना? नाही. आणखी काही घेत नाही ना? नाही. दोघंही खूश. मोठ्या बाईंनी टाळी वाजवून थांबवलं. म्हणाल्या, "वा! काकांनी सगळं तुला हवं तसं सांगितलं. आता मला सांग, काकांबद्दल तुला काय कळलं?" टॉवर खाली बघायला लागला. त्या म्हणाल्या, "उत्तर प्रश्नातच घालून दिलंस तर पेशंट तेच परत देणार. तो बिचारा सभ्य माणूस आहे. त्याला विचार, काल सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात टाकलंत, ओळीने सांगा. आणि मग गप्प बस. गप्प बसणं हेही तुमचं कामच आहे."

टॉवरने तसं विचारलं आणि खरंच गप्प बसला. मी सुरुवात केली. सकाळी चहा. मग बिस्कीट. मग खिडकीत बसलो. दुपारी ब्रेड, तो जरा शिळा होता. मग झोप. संध्याकाळी परत चहा. टॉवर गप्प. मी म्हटलं, रात्रीच्या गोळ्या ती हातावर ठेवायची. पाण्याचा पेला एका हातात, गोळ्या दुसऱ्या हातात. आता रात्री मी हात पुढे करत नाही. मोठ्या बाईंनी हळूच विचारलं, "काका, हे ड्रायव्हरचं की तुमचं?" मी म्हटलं, मलाही कळेना बाई, माझी गाडी चुकलेली दिसते. त्यांनी तिथंच पट्टा मागवून दंडाला गुंडाळला आणि रक्तदाब पाहिला, आणि मला खाली डॉक्टरांकडे नेलं. घाबरू नकोस. आता कप्प्यांची डबी आहे, सकाळ आणि रात्र वेगळी, आणि टॉवर दर आठवड्याला ती उघडून बघतो, जणू माझा सासराच. पण तुझ्याशी फोनवर मी जो हो म्हणत होतो तो खरा नव्हता. आता आहे. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण सांगायला सुरुवात केली की पुढचं सांगता येईल असं वाटलं.

त्या वर्गात ती चष्मेवालीही असते. तुझ्या हाताखाली शिकली ती, बुटकी, भरभर चालणारी. पहिल्या दिवशी मला बघून ती बाहेर निघून गेली. नंतर आली, पाणी पिऊन. तुझ्या आईला जिने विचारलं ती ही.

माऊ, झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण आपण दोघं ते एकदाही बोललेलो नाही, म्हणून एकदा सलग लिहून पाहतो. तुझ्या आईला ताप आणि धाप म्हणून भरती केलं. तू ड्युटीवर होतीस. भरती झालेला माणूस घरी कोणकोणती औषधं घेतो हे त्याला विचारून लिहायचं, हे तुझं रोजचं काम. शेकडो जणांना विचारलं असशील. त्या दिवशी तू विचारलं नाहीस. विचारायचं काय, तिच्या गोळ्या तूच आणायचीस, हृदयाचे ठोके चुकतात त्यासाठीची रक्त पातळ करणारी गोळीसुद्धा. तू खडाखडा लिहून दिलंस, आणि डॉक्टरांनीही मान डोलावली की मुलगीच औषधवाली आहे, इथं काही बघायला नको. आणि तुझी आई रोज गुडघ्यांसाठी आणखी एक गोळी घेत होती. शेजारच्या काकूंनी दिलेली, मग दुकानातून स्वतःच आणलेली, चष्म्याच्या घरात ठेवलेली. मला माहीत नव्हतं. तुला माहीत नव्हतं. हॉस्पिटलातही चष्म्याचं घर उशाशीच होतं आणि तिथंही ती घेत होती.

मग चष्मेवाली फेरीवर आली. ती काही आपल्यासाठी खास आली नव्हती, वॉर्डातल्या सगळ्यांनाच विचारत येत होती. म्हणाली, आजी, गुडघे बोलतात का? आई म्हणाली, बोलतात कसले, ओरडतात. मग त्यांना गप्प कसं करता? आईने लगेच चष्म्याचं घर उघडून दाखवलं. मी स्टुलावर बसलो होतो. म्हणाली, "ही एक घेतली की दिवसभर बरं असतं बघ. आमच्या मुलीला नको सांगूस हं, ती ओरडते." चष्मेवालीने गोळीचं नाव वाचलं. ती ते घर घेऊन पळतच गेली. ती गोळी रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर पोटात रक्त सुटतं, आणि तोवर रक्तस्राव सुरू झालाही होता. आधीच्या दोन दिवसांत आई म्हणत होती की पोटात मळमळतं, आणि आपण म्हणत होतो, तापाने असेल.

पुढचं लिहीत नाही.

घरी माणसं जमली तेव्हा आत्या बोलली ते तू ऐकलंस. "जगाच्या आयांना विचारत फिरली, स्वतःच्या आईला नाही विचारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा." तू स्वयंपाकघरात धुतलेले कप पुन्हा धूत होतीस. नळ तू मोठा केलास. मी आत्याच्या चपला दारात नीट लावून ठेवल्या, हे का केलं ते आजही सांगता येत नाही. मग तू राजीनामा दिलास, आणि कोणी विचारलं तर म्हणायचीस, कंटाळा आला. आणि मीही लोकांना तेच सांगत आलो, कंटाळा आला तिला.

मागच्या आठवड्यात वर्ग संपल्यावर चष्मेवाली मला बसपर्यंत सोडायला आली. छत्री तिची होती आणि धरली मी होती, ती बुटकी असल्याने. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "आजोबा, एक बोलू? आजींनी मला सांगितलं कारण मी परकी होते. मी ओरडणार नव्हते ना. ताईंनी विचारलं असतं तरी आजींनी सांगितलं असतं असं मला नाही वाटत." मी घरी येऊन त्यावर बराच विचार केला. मी तुझ्या आईबरोबर इतका संसार केला. तू समोर बसून विचारलं असतंस तर ती म्हणाली असती, काही नाही गं, तू दिलेल्याच घेते, आणि चष्म्याचं घर उशीखाली सरकवलं असतं. तुझा धाक होता तिला. तुझा अभिमान होता म्हणून धाक होता. अर्थात तुला विचारायला हवं होतं, ते काही मी खोटं म्हणत नाही, तूही मला तसं म्हणू देणार नाहीस. पण विचारून सुद्धा तेच झालं असतं, असं मला वाटतं. याने तुला बरं वाटेल की वाईट, हे मला समजत नाही. मला स्वतःला काय वाटतं तेही समजत नाही. राग आहे का म्हणून मी आत शोधलं, इतर सगळं शोधतो तसंच. राग नाही. असता तर निदान सापडला असता.

आता तुमच्याकडे नियम झाला आहे. आपल्या नात्यातलं कोणी भरती झालं तर त्याला स्वतः विचारायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं. टॉवरचे मामा आले तेव्हा त्याने चष्मेवालीला बोलावलं आणि स्वतः जिन्यात जाऊन उभा राहिला. मामांनी तिला काय काय सांगितलं म्हणे, मामींनाही ते ठाऊक नव्हतं. सगळे हसत होते. मग माझ्याकडे बघून थांबले. मी म्हटलं, हसा रे, मामा बरे आहेत ना.

आता हे पत्र कशासाठी ते लिहितो, म्हणजे तू चिडायच्या आत संपेल. या वर्षीच्या प्रशिक्षणाचा शेवटचा वर्ग महिन्याअखेर आहे. दिवसभराचा आहे, आणि तू तो केलास तर तुझे तास भरतात, हे मी मोठ्या बाईंकडून तीन-तीनदा वदवून घेतलं. त्या दिवशी त्यांना तुझ्या आईची गोष्ट शिकवायची आहे. नाव न घेता, हॉस्पिटल न सांगता, बाहेरून येणाऱ्या फार्मासिस्टांनाही. म्हणाल्या, चुकून कोणाचं नाव निघणार नाही याची मी जबाबदारी घेते, पण घरच्यांची परवानगी हवी. पेशंट मीच होणार, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा आणि गुडघ्यांचं लपवणारा म्हातारा. चष्म्याचं घर त्यांनी मागितलं नाही, आणि मागितलं असतं तरी मी दिलं नसतं. त्यांनी सहीसाठी कागद दिला. मी सही केलेली नाही. माझ्या मनात हो आहे, माऊ. ती गेली ती गेली, पण इतक्या सगळ्यांनी तिच्यामुळे आणखी एक प्रश्न विचारायला शिकावं, असं मला वाटतं, आणि बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी वाटलं आहे. पण तुला नको असेल तर मी कागद परत देईन आणि ड्रायव्हरच होईन. मी त्यांना आणखी एक विचारलं. माझ्यासमोर बसून प्रश्न विचारायला माझी मुलगी आली तर चालेल का, की तो नात्याचा नियम आड येतो? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, खोट्या पेशंटला तो नियम लागत नाही. तेव्हा समोरची खुर्ची त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. मागे बसून नुसतं ऐकलंस तरी तास भरतात, तेही विचारून ठेवलं आहे. येणार नसशील तर नाही म्हण, मी काही म्हणणार नाही. पण कळव, माऊ. महिना संपत आला आहे आणि मला तर पत्र पोचेल की नाही इथूनच काळजी लागली आहे. पत्र मिळाल्या मिळाल्या दोन ओळी टाक, लवकर टाक.

तुझाच,
बाबा